त्या अर्जाचं काय झालं, बाई?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे डॉक्टरांनी पडद्याकडे बघायलाच बंदी घातली होती. आता सगळं ठीक आहे, तेव्हा पुण्याच्या मंडळींनी काळजी करू नये. टायपिंगचा वेग मात्र पूर्वीपेक्षाही कमी झालाय. चुका झाल्या तर पदरात घ्या.

आजचा विषय मला ठाकुर्ली स्टेशनवर मिळाला. ठाण्याला बहिणीकडे जायचं होतं. इथे स्लो लोकलच थांबतात, म्हणून बाकावर बसून वाट बघत होते. एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ समोर आले आणि वाकून नमस्कार करत म्हणाले, "बाई, ओळखलंत का?" शिक्षकाला नावं आठवत नाहीत, बाक आठवतात. मी म्हटलं, "खिडकीकडची रांग, तिसरा बाक. वडील पॉवर हाऊसमध्ये." तो इतका खूश झाला म्हणून सांगू!

नवीन पिढीला सांगते, रेल्वेच्या विजेसाठी ब्रिटिशांच्या काळात इथे चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. ते कोळशावर चालायचं. ठाकुर्लीची निम्मी ओळख त्यामुळे होती. आता नव्वद फुटी रस्त्याला टॉवर झाले, पॉवर हाऊस कधीच बंद पडलं. पण माझ्या वर्गात तेव्हा रेल्वे क्वार्टर्समधली पुष्कळ मुलं असत.

इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मुलगी इंजिनिअर झाली म्हणाला. गाडीची घोषणा झाली आणि एकदम त्यानं विचारलं, "बाई, एक विचारू? आमच्या त्या अर्जाचं काय झालं हो?"

गाडी आली, मी चढले. उत्तर दिलंच नाही. ठाणं येईपर्यंत मला काही सुचत नव्हतं.

तो अर्ज १९८४ चा. मी नववीची वर्गशिक्षिका होते. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण दोष शाळेपेक्षा माझा जास्त होता. ग्रंथालय म्हणून आमच्याकडे दोन काचेची कपाटं होती. पुस्तकं चांगली होती, पण कुलूप कायम. पुस्तकं हरवली तर भरून कोण देणार, हा प्रश्न असायचा, म्हणून ती तपासणीच्या दिवशीच बाहेर निघत. तर वर्गातल्या मुलांनी फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. आठवड्यातून एक तास कपाट उघडावं, पुस्तकांची नोंद आम्ही ठेवू, हरवलं तर वर्गणी काढून भरून देऊ. खाली एकेचाळीस सह्या. भाषा इतकी नम्र की मीच शिकवलेल्या अर्जलेखनाचा तो नमुना होता!

मी काय केलं? अर्ज घेतला आणि सर्वांत पहिली सही ज्याची होती त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. तो हाच, खिडकीकडचा तिसरा बाक. त्याला म्हटलं, "सह्या गोळा करणं हे युनियनचं काम. तुम्ही अभ्यासाकडे लक्ष द्या." आणि अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. मुख्याध्यापकांपर्यंत तो कधी गेलाच नाही.

माझी बाजू मांडायची तर काळ तसा होता. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला होता आणि त्याचे हाल या लोकलच्या पट्ट्यानेही पाहिले होते. सह्या, मागण्या, निवेदन हे शब्द ऐकले की आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा यायचा. मुलांवर बालंट येऊ नये असंही वाटलं. पण खरं सांगू का, त्याहून जास्त मला मुख्याध्यापकांची भीती वाटली. आज चाळीस वर्षांनी खोटं कशाला बोलू?

ठाण्याहून परत आले तेव्हापासून एकच विचार डोक्यात होता. मुलांनी आपल्या शाळेसाठी एकत्र येणं ही गोष्ट मला तेव्हा इतकी विपरीत का वाटली? मी मराठी घेऊन बीए झालेली, इतिहासाचे तासही घेतलेले. आपल्याकडे हे किती जुनं आहे ते मला ठाऊक असायला हवं होतं. मग जुनी पुस्तकं काढली. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात मुंबईपासून. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तेव्हा हायस्कूल आणि कॉलेज एकत्रच होतं. तिथल्या विद्यार्थ्यांनी जून १८४८ मध्ये एक सभा काढली, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. प्राध्यापक पॅटन त्यांच्या पाठीशी होते. मुलं निबंध वाचत, वाद घालत. तुमच्या-आमच्या वक्तृत्व मंडळासारखंच म्हणा ना. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी तिच्या ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी शाखेनं पुढे 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही चालवलं.

या सभेत बेहरामजी गांधी नावाच्या विद्यार्थ्यानं स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. मुलींना शिकवलं पाहिजे, वगैरे. टाळ्या पडल्या असतील. असे निबंध आमच्या शाळेतही वाचले जायचे, मी स्वतः परीक्षक असायची, आणि टाळ्यांपाशी विषय संपायचा. तिथे तो संपला नाही. पॅटनसाहेबांनी पोरांना नुसतं बोलू नका, करून दाखवा असं सुचवलं. आणि पोरांनी खरंच करून दाखवलं.

कसं केलं ते ऐका. दादाभाई नौरोजी तेव्हा विशीतले तरुण, नुकतेच तिथे शिकवू लागलेले. ते आणि त्यांचे सोबती घरोघर गेले. तुमच्या मुलींना ओसरीवर बसवून लिहा-वाचायला शिकवू द्या, अशी बापांची विनवणी केली. काही बापांनी परवानगी दिली. काहींनी जिन्यावरून खाली फेकून देऊ अशी धमकी दिली. दादाभाईंनीच पुढे ही आठवण सांगितली आहे. ऑक्टोबर १८४९ मध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा पटावर ४४ पारशी मुली होत्या आणि २४ हिंदू. शिकवणारे कोण? हेच विद्यार्थी आणि तरुण शिक्षक! सकाळी लवकर उठून मुलींना शिकवायचं आणि मग स्वतःच्या वर्गाला पळायचं. पगार शून्य.

मोठ्या माणसांचे पैसे आले ते नंतर. मराठी मुलींच्या शाळेसाठी नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यात जागा दिली. पारशी मुलींच्या शाळांना कामा मंडळींनी हातभार लावला. याच सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष पुढे डॉ. भाऊ दाजी लाड झाले.

आणि सरकार? मुलींच्या शिक्षणाला मदत करण्याचं धोरण कंपनी सरकारनं मान्य केलं ते १८५४ च्या वूडच्या खलित्यात. म्हणजे विद्यार्थ्यांच्या शाळा निघाल्यावर पाच वर्षांनी. हा खलिता मी वर्षानुवर्षं शिकवला. 'कलमे सांगा', पाच गुण. त्याच्याआधी ओसरीवर चटई टाकून बसलेल्या त्या पोरांबद्दल मात्र एक वाक्यही सांगितलं नाही.

इथे कोणी म्हणेल, बाई, ही मुलं दुसऱ्यांना शिकवत होती. स्वतःच्या शाळेबद्दल मागणी करणं वेगळं. बरोबर आहे. मग पुण्याला चला.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्येच मुलींची शाळा काढली होती, भिडे वाड्यात, हे आपण सगळे जाणतो. पुढे त्यांनी महार-मांगांच्या मुलामुलींसाठी वेताळ पेठेत शाळा सुरू केली. तिथे मुक्ता साळवे नावाची मुलगी शिकत होती. वय चौदा, शाळेत जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. तिनं एक निबंध लिहिला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात दोन अंकांतून छापून आला.

मी तो निबंध मध्यंतरी पुन्हा वाचला. विषय दिला आणि लिहिलं, असलं ते लिखाण नाही. ज्या धर्मात आम्हाला ग्रंथ वाचायचा अधिकारच नाही, तो धर्म आमचा कसा, असं ती थेट विचारते. पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग गेला तर त्याचं काय व्हायचं ते सांगते. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसतं, ते लिहिते. आणि शेवटी आपल्याच लोकांना सांगते की या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे, तेव्हा शाळेत या. चौदा वर्षांची मुलगी! माझ्या नववीच्या वर्गाच्या वयाची.

मुक्ताबाईंबद्दल अजून एक गोष्ट सांगतात. बक्षीस समारंभात पाहुणे मुलींना खेळणी आणि खाऊ द्यायला आले. तेव्हा ती म्हणाली, आम्हाला खाऊ नको, शाळेसाठी ग्रंथालय द्या. ही गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या ड्रॉवरमधल्या अर्जात दुसरं काय होतं हो?

आता जरा लांब जाते. माझी भाची अमेरिकेत व्हर्जिनियात असते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, अशीच एक मुलगी आमच्या राज्यातही होती." आणि तिनं बार्बरा जॉन्सची हकिगत सांगितली. फार्मव्हिल नावाच्या गावात काळ्या मुलांचं सरकारी हायस्कूल होतं. इमारत १८० मुलांसाठी बांधलेली आणि मुलं साडेचारशेच्या वर. जादा मुलांसाठी लाकडी फळ्या आणि डांबरी कागदाच्या शेड उभारल्या होत्या. पाऊस आला की गळत. प्रयोगशाळा नाही, जेवायला जागा नाही. गोऱ्या मुलांच्या शाळेत सगळं होतं.

बार्बरा सोळा वर्षांची. तिनं आपल्या संगीताच्या बाईंकडे तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, मग तू काही करत का नाहीस? मुलीनं ते मनावर घेतलं. गुपचूप मुलं जमवली, आणि २३ एप्रिल १९५१ ला सगळी शाळा संपावर गेली. दोन आठवडे! त्यांना सुरुवातीला फक्त नवी इमारत हवी होती. पण वकील आले, खटला उभा राहिला, आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या निकालात या मुलांचाही खटला होता. किंमतही जबर मोजावी लागली. एकत्र शाळा चालवण्यापेक्षा त्या कौंटीनं १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या. म्हणजे मुलांनी मागितलं आणि लगेच गोड झालं, असं काही नाही. हेही सांगायला हवं.

पण माझं लक्ष त्या संगीताच्या बाईंवर अडकलं. त्या एक वाक्य बोलल्या. मीही एकच वाक्य बोलले होते.

आता अलीकडचं. ऑक्टोबर २०२२ मधली बातमी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. इगतपुरी तालुक्यात भाम धरणाजवळ दरेवाडी म्हणून वस्ती आहे, धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची. तिथली जिल्हा परिषदेची शाळा पटसंख्या कमी म्हणून बंद करायला निघाले आणि मुलांना लांबच्या शाळेत जायला सांगितलं. मुलं काय करतात? दप्तरं पाठीला लावून पालकांबरोबर आणि श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांबरोबर थेट नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली. घोषणा होती, दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या! म्हणजे शाळा देणार नसाल तर ही दप्तरं तुमची तुम्ही ठेवा, आम्ही आपली शेळ्या राखायला जातो.

ही हायस्कूलची मुलं नव्हती, प्राथमिकची चिल्लीपिल्ली होती. त्यामुळे तेव्हा आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये एकीनं नाक मुरडलं, "मुलांना पुढे करतात झालं." मीही मान हलवली होती. ही शंका अगदीच चूक नाही. मोठ्यांच्या भांडणात मुलांना उभं करणं वाईटच. पण नीट विचार केला तर शाळा कोणाची बंद होत होती? त्यांचीच ना? उन्हापावसात लांब चालत जाणार कोण होतं? मग बोलायचं कोणी? कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्या मुलांना कलम ठाऊक नसेल, पण अंतर ठाऊक होतं. रोज पायांनी मोजायचं होतं ना!

तो प्रश्न एका वस्तीपुरता नव्हताच. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती त्याच सुमारास सरकारनं मागवली होती. अशा शाळा महाराष्ट्रात हजारोंनी आहेत, आणि बहुतेक डोंगरात, पाड्यांवर. आपल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या बाजूला गेलात तर दिसतील.

कागदावर आता काळ बदललाय. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ मध्ये झाला, भारतानं तो १९९२ मध्ये स्वीकारला. मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांचं म्हणणं ऐकून घ्यावं असं त्यात स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. महाराष्ट्रात या समितीवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही घेण्याची सोय केली आहे. फार चांगलं झालं. पण माझी एक शिक्षिका मैत्रीण सांगत होती की बैठकीला दोन मुलं येतात, बिस्किटं खातात, सही करतात आणि वर्गात परत जातात. त्यांना विचारत कोणी नाही. त्यांचं नाव मात्र रजिस्टरला लागतं. माझ्या ड्रॉवरचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणायची!

एक गोष्ट मला या सगळ्यात सारखी दिसली. मुलांचं मागणं कधीच अवाच्या सवा नसतं. मुक्ताला ग्रंथालय हवं होतं. बार्बराला न गळणारं छप्पर. दरेवाडीच्या पोरांना जवळची शाळा. माझ्या एकेचाळीस जणांना आठवड्यातून एक तास कपाट उघडं. धाडस मुलांकडे सगळीकडेच होतं, १८४९ मध्ये होतं तसंच १९८४ मध्येही. फरक पडतो तो त्यांचं म्हणणं कुणाच्या कानावर पडतं त्यानं. एल्फिन्स्टनच्या मुलांना पॅटन भेटले. मुक्ताला जोतीराव-सावित्रीबाई भेटल्या आणि तिचा निबंध छापणारा एक संपादक भेटला. फार्मव्हिलला संगीताच्या बाई होत्या. ठाकुर्लीच्या मुलांना मी भेटले.

गेल्या रविवारी मी त्याला फोन केला. नंबर त्यानं स्टेशनवर दिलाच होता. म्हटलं, "बाळा, तुमचा अर्ज मी पुढे दिलाच नव्हता. ड्रॉवरमध्ये ठेवला होता. वर्ष संपलं तेव्हा रद्दीत गेला असेल. मी घाबरले होते."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आम्हाला अंदाज होता बाई." आणि मग त्यानं जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. माझ्या त्या बोलण्यानंतर मुलांनी घरोघरची पुस्तकं गोळा केली, एका पत्र्याच्या ट्रंकेत भरली आणि क्वार्टर्समध्ये एकाच्या घरी पलंगाखाली ठेवली. महिना चार आणे वर्गणी. वहीत नोंद. दहावी होईपर्यंत ती ट्रंक चालली. "बावीस पुस्तकं होती बाई, शेवटी बत्तीस झाली. एकही हरवलं नाही."

हे ऐकून बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी केलं म्हणून माझं माफ होत नाही. वर्षभर त्यांच्याच वर्गावर होते मी, आणि मला याचा पत्ताही लागू दिला नाही. का लागू देतील?

मी निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. कुठलं कपाट उघडायला सांगायचा अधिकार मला राहिलेला नाही. पण तुमच्यात अजून शिकवणारी मंडळी आहेत, आणि आमच्या घरातल्या दोन सुना शिक्षिका आहेत (वाचताय ना ग?). तुमच्या हातात असा कागद पडला तर तो पुढे द्या. मुख्याध्यापक रागावतील. रागावू देत. मागणी मान्य झाली नाही तरी चालेल, पण मुलांना काय झालं ते सांगा. तो माणूस चाळीस वर्षं अर्ज मंजूर झाला का असं विचारत नव्हता. त्याचं काय झालं एवढंच विचारत होता.

तुमच्या शाळेत असं कधी घडलं असेल, अर्ज दिलेला असेल किंवा माझ्यासारखा दाबून ठेवलेला असेल, तर जरूर कळवा. नाव नाही लिहिलं तरी चालेल.

आता थांबते. डोळ्यात औषध घालायची वेळ झाली.